घरातलं वीज, पाणी आणि गॅसचं बिल कमी कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल वाढलंय. सुरुवात कुठून करायची?

जी उपकरणं काही तरी तापवतात किंवा गार करतात, तिथून. गीझर, एसी, हीटर, इस्त्री, शेगडी, गरम पाण्यावर चालणारं वॉशिंग मशीन. घरातली सगळ्यात जास्त ऊर्जा उष्णता तयार करण्यात किंवा एका जागेवरून दुसरीकडे हलवण्यात जाते. त्यानंतर दिवसाचे बरेच तास चालणारी उपकरणं बघा: फ्रीज, पंखे, राउटर. मोबाइलचे चार्जर, मिक्सर, दाराची बेल यांचा नंबर फार खाली लागतो. बरेच लोक नेमकी उलटी सुरुवात करतात. चार्जर काढून ठेवतात आणि गीझर दिवसभर चालू असतो.

एक युनिट म्हणजे नेमकं किती?

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास. हिशेब सोपा आहे: वॅट गुणिले तास, भागिले १०००. २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. ७५ वॅटच्या पंख्याला तेवढ्यासाठी तेरा तासांहून जास्त लागतात आणि ९ वॅटच्या एलईडीला सुमारे १११ तास.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. फ्रीज, एसी, गीझर आणि इस्त्री यांच्या पाटीवरचे वॅट सरळ तासांनी गुणू नका. ही उपकरणं मधेमधे आपोआप बंद होतात, त्यामुळे असा हिशेब प्रत्यक्षापेक्षा बराच फुगतो. त्यांच्यासाठी मीटरच वाचायला हवा.

मीटरवरचा लुकलुकणारा दिवा काय सांगतो?

आत्ता या क्षणी घरात किती वीज चालू आहे, ते सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक होतात तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि हे सूत्र वापरा:

वॅट = ३६,००,००० ÷ (पाटीवरचा आकडा × सेकंद)

आकडा ३२०० असेल तर नुसतं ११२५ भागिले सेकंद. दर १५ सेकंदांनी दिवा लागत असेल तर ७५ वॅट, दर दीड सेकंदाला लागत असेल तर ७५० वॅट. फार भराभर लुकलुकत असेल तर एका लुकलुकीपासून पुढच्या दहा मोजा आणि एकूण वेळाला दहाने भागा.

आता एकेक उपकरण चालू करून फरक बघा. कोण किती खातं याचा अंदाज अर्ध्या तासात येतो आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. फ्रीज मधेच चालू झाला तर आकडे गोंधळतात, म्हणून या चाचणीपुरता तो बंद ठेवा. अर्धा तास दार उघडलं नाही तर आतल्या सामानाला काही होत नाही.

रात्री सगळे झोपल्यावरचा आकडाही एकदा घ्या. तेव्हा १०० वॅट चालू असतील आणि ते चोवीस तास तसेच चालत असतील, तर नुसत्या त्याचेच महिन्याला ७२ युनिट होतात.

सगळे स्विच बंद केले तरी मीटर चालतोच. का?

आधी मेन स्विच पाडा आणि पंधरा-वीस मिनिटं मीटरकडे बघा. एखादी चुकार लुकलुक सोडून द्या. लुकलुक थांबली, तर वीज घरातच जाते आहे. मेन पुन्हा चालू करून एमसीबी (बोर्डातले प्रत्येक लाइनचे छोटे सुरक्षा-स्विच) एकेक करून पाडत जा. ज्या एमसीबीला दिवा थांबेल त्या लाइनवर शोध घ्या. माळ्यावरचा बूस्टर, बेलचा ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, बाहेरचा दिवा असं काही तरी विसरलेलं बहुधा सापडतं. बॅटरी म्हातारी झाली की चार्जिंग संपतच नाही आणि इन्व्हर्टर रात्रंदिवस करंट ओढत राहतो. बॅटरी हाताला कोमट लागणं आणि तिच्यातलं पाणी लवकर आटणं ही त्याची खूण.

मेन बंद असूनही मीटर चालत असेल, तर मीटर आणि मेन यांच्यामध्ये कुणाची तरी जोडणी आहे, तिथली केबल खराब आहे किंवा मीटरच सदोष आहे. तिथे स्वतः हात घालू नका. वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि मीटर तपासून मागा.

एसी किती अंशांवर ठेवावा? १८ वर ठेवला तर खोली लवकर गार होते ना?

नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ ला असो की २६ ला, तेवढ्याच जोराने चालतो. १८ हा फक्त थांबण्याचा आकडा आहे. इन्व्हर्टर एसीदेखील खोली ठरलेल्या तापमानाजवळ येईपर्यंत पूर्ण जोरात चालतो आणि मग वेग कमी करतो. १८ वर ठेवलात तर त्याला वेग कमी करायची संधीच मिळत नाही.

२६ अंश सेल्सियस आणि सोबत पंखा मंद, ही बहुतेकांना मानवणारी जोडी. तापमान एका अंशाने वाढवलं की एसीचा वापर ढोबळमानाने ५ ते ६ टक्के कमी होतो. आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक घटला की खोलीत कमी उष्णता शिरते, आणि कॉम्प्रेसरलाही कमी चढ चढावा लागतो.

त्याखेरीज तीन गोष्टी. जाळी दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. जाळी तुंबली की हवा कमी वाहते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि एसी बंद केल्यावर तो वितळून भिंतीवरून पाणी ओघळतं. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी. त्याच्यापुढे जुनं सामान रचलं किंवा गरम हवा परत त्याच्याकडेच वळली, तर एसी कितीही महागाचा असो, हरतो. आणि उन्हाची काच बाहेरून झाका. आतला पडदा ऊन खोलीत शिरल्यावर अडवतो, बाहेरची झडप किंवा चिक त्याच्या आधी.

एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

अजिबात नाही. एसीतला गॅस खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठे तरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च. गॅस भरायलाच हवा असं कुणी म्हटलं, तर आधी एक तपासणी करा. एसी पंधरा मिनिटं चालू द्या. मग वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या गार हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर गॅसची शंका घ्यायचं कारण नाही. दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो. फरक तीन-चार अंशच असेल, तर आधी जाळी आणि कॉइल साफ करून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर गळती शोधून, ती झाळून, नळ्यांमधली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून मगच गॅस भरून घ्या. व्हॅक्यूम न करता भरलेला एसी गार कमी आणि वीज जास्त करतो.

पंख्याने बिल किती वाढतं? बीएलडीसी पंखा घ्यावा का?

जुना पंखा पूर्ण वेगात ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटने चालणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचा पंखा) सुमारे ३०. रोज बारा तास वापर धरला तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. जो पंखा रात्रभर चालतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काही हाती लागत नाही.

बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून जोडू नका. वेग बदलायचं काम त्याच्या आतल्या सर्किटचं असतं, आणि रेग्युलेटर मध्ये राहिला तर तेच सर्किट जळू शकतं. रेग्युलेटर काढून थेट स्विचवर जोडणी करून घ्या.

जुना पंखा हळू फिरायला लागला असेल, तर बहुधा कपॅसिटर मंदावलेला असतो. तो साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर जो आकडा छापलाय, तोच आणा. जास्त आकड्याचा टाकला तर वेग वाढल्यासारखा वाटतो, पण वाइंडिंग तापतं.

आणि पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीतला पंखा उलट थोडी उष्णताच सोडतो.

गीझर दिवसभर चालू ठेवणं स्वस्त पडतं की लागेल तेव्हा लावणं?

लागेल तेव्हा. टाकी गरम राहिली की भिंतींमधून उष्णता सतत निसटते आणि थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज चालू-बंद करणारा भाग) पुन्हापुन्हा वीज घेतो. गीझरच्या पाटीवर चोवीस तासांतला हा तोटा बहुतेक वेळा लिहिलेला असतो, तो वाचा.

पाणी तापवायचा हिशेब असा: एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट. २००० वॅटच्या गीझरला याला अठरा मिनिटं पुरतात. त्या पाण्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं सुमारे ३५ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. तेव्हा अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरका आणि बंद करा.

थर्मोस्टॅट खूप खाली आणून बचत करू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या कोमट पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. टाकी ६० पर्यंत तापू द्या आणि बादलीत गार पाणी मिसळून घ्या. लहान मुलं असतील तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

शॉवरचा हिशेब वेगळा मांडा. दहा लिटरची बादली शॉवरखाली किती सेकंदांत भरते ते मोजा. ६० सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर. आठ मिनिटांच्या अंघोळीला ८० लिटर, आणि ते २५ वरून ४० अंशांवर न्यायला जवळपास १.४ युनिट. मिनिटाला ६ लिटर देणारी झारी बसवली की हाच आकडा ०.८ च्या आसपास येतो.

क्षारांमुळे गीझर जास्त वीज खातो का?

विजेच्या गीझरमध्ये फारसा नाही. कॉइलची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरं नुकसान निराळं आहे. क्षारांचा थर बसला की कॉइलमधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ती आतून अति तापते आणि जळते. तापताना गीझर तडतड आवाज करतो, तेव्हा थर बसलाय असं समजा. कॉइल साफ करून घेताना टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, आणि तो संपला की गंज टाकीकडे वळतो.

गॅस गीझरचं मात्र उलट आहे. तिथे थर बसला की उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि गॅस सरळ वाढतो.

फ्रीज बंद ठेवता येत नाही. मग त्यात काय वाचणार?

बरंच. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८, याहून गार ठेवायची गरज नसते. डायलवरचे १ ते ७ हे अंश नव्हेत. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. त्यावरून डायल लावा.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथून गार हवा जाते. चारही बाजूंनी, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत करून बघा. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कारण बरेचदा नुसता चिकट मळ असतो. रबर मुडपलं असेल तर हेअर ड्रायरने हलकेच गरम करून बोटांनी सरळ करा. भेग असेल तर बदला.

मागे आणि वर दहा-एक सेंटिमीटर मोकळी जागा, शेगडीपासून लांब, आणि मागची जाळी दिसत असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून ब्रशने धूळ झटकणं. साध्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की डीफ्रॉस्ट करा. बर्फ सुरीने खरवडू नका, एक भोक पडलं की फ्रीज गेला.

स्टँडबायवर किती वीज जाते?

वर्षभर सतत चालू असलेला १ वॅट म्हणजे ८.७६ युनिट. या आकड्याने गुणलं की झालं. ८ वॅटचा राउटर वर्षाला ७० युनिट. काही सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही दहा-बारा वॅट ओढतात, त्याचे शंभराच्या आसपास. नव्या टीव्हीचा स्टँडबाय एक वॅटच्या आत असतो आणि फोन न जोडलेल्या चार्जरचा त्याहून कमी. सेट-टॉप बॉक्स, स्पीकर आणि गेमचं यंत्र एका स्विचच्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि रात्री तो एकच स्विच बंद करा. चार्जरच्या मागे लागू नका.

प्लगमध्ये लावायची वीज वाचवणारी पेटी चालते का?

नाही. आत एक कपॅसिटर आणि एक छोटा दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी किती प्रत्यक्ष कामी येतो ते प्रमाण) सुधारतो, पण घरगुती बिल सर्वसाधारणपणे किलोवॅट-तासांवर येतं आणि त्यावर पॉवर फॅक्टरचा परिणाम होत नाही. मीटरच्या लुकलुकीची वरची चाचणी पेटी लावून आणि काढून करून बघा. फरक पडलाच, तर दिव्यापुरता वाढलेला दिसेल.

एलईडी लावले, तरी बिल उतरलं नाही. असं का?

कारण दिव्यांचा वाटा मुळातच लहान होता. ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी हा फायदाच आहे, जुन्या चोकच्या ट्यूबऐवजी २० वॅटची एलईडी ट्यूबही. पण रोज तासभर लागणारा संडासातला दिवा बदलून महिन्याला दीड युनिट वाचतं.

वॉशिंग मशीनचं कोणतं सेटिंग स्वस्त?

गार पाणी. ६० अंशांच्या धुलाईत मोटरपेक्षा पाणी तापवण्याचा खर्च मोठा असतो: १२ लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायलाच अर्धं युनिट. मशीन पूर्ण भरून लावा, पण कोंबू नका. वर हाताचा पंजा आडवा मावेल एवढी जागा ठेवा, नाहीतर कपडे घासलेच जात नाहीत आणि पुन्हा धुवावे लागतात. आजारी माणसाचे कपडे, टॉवेल आणि चादरी मात्र गरम पाण्यातच धुवा.

स्वयंपाकाचा गॅस लवकर संपतो. काय तपासायचं?

ज्योत. ती निळी आणि भांड्याच्या बुडाच्या आतच हवी. कडेने वर येणारी ज्योत भांडं नव्हे, खोली तापवते. ज्योत पिवळी असेल आणि भांडी काळी होत असतील, तर बर्नरची भोकं तुंबली आहेत किंवा हवेची झडप सरकली आहे. बर्नर पूर्ण गार झाल्यावर काढा, टाचणीने भोकं मोकळी करा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

पाण्याला एकदा उकळी आली की ज्योत बारीक करा. उघड्या भांड्यातलं पाणी साधारण १०० अंशांच्या वर जात नाही, मोठ्या ज्योतीने फक्त वाफ जास्त होते. झाकण ठेवा. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ कमी लागतो. दाब तयार झाल्यावर तोही बारीक आचेवर टिकतो. शिट्टीवर शिट्टी होणं म्हणजे दिलेली उष्णता बाहेर चालली आहे.

इंडक्शन शेगडीवर उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते, त्यामुळे वाया कमी जाते. तरी ती स्वस्त पडेल की नाही हे तुमच्याकडच्या विजेच्या आणि गॅसच्या दरावर ठरतं. भांडं चालेल का ते बघायला बुडाला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर चालेल.

पाण्याचं बिल वाढलंय, पण गळती दिसत नाही.

रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा. दोन तास कुणी पाणी वापरू नका, मग पुन्हा वाचा. आकडा हलला तर गळती आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत असेल तर टाकीची झडप आधी बंद करा, नाहीतर टाकी भरतेय आणि तुम्ही भिंत फोडताय असं व्हायचं.

पहिला संशय फ्लशच्या टाकीवर. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला तर तळाचं रबर गेलंय. टाकीतल्या उभ्या नळीच्या वरून पाणी वाहत असेल, तर रबर नव्हे, बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप) बदलायचाय किंवा त्याचा फ्लोट खाली आणायचाय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. तो गरम पाण्याचा असेल तर विजेचंही बिल वाढवतो.

पाण्याचा पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालतो.

तीच टाकी भरायला लागणारी मिनिटं लिहून ठेवा. एक हॉर्सपॉवरचा पंप सुमारे एक किलोवॅट घेतो, म्हणून रोज पंधरा मिनिटं वाढली तर महिन्याला साडेसात युनिट. दर वेळी पंपात पाणी भरावं लागत असेल तर फुटव्हॉल्व (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाची झडप) गळतोय. आवाज येतो आणि धार तुटते, तर सक्शनच्या पाइपमध्ये हवा शिरतेय. धार सलग पण बारीक असेल, तर गाळणी तुंबलीय किंवा इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजलाय. टाकी भरून वाहू नये म्हणून फ्लोट स्विच बसवून घ्या.

थंडीत कोणता हीटर कमी वीज खातो?

ऑइल, फॅन किंवा कॉइल, तिन्ही विजेचे हीटर एका युनिटमागे तेवढीच उष्णता देतात. एसी हीटिंगवर चालत असेल तर तो बाहेरची उष्णता आत ओढतो आणि एका युनिटमागे दोन-तीन युनिट इतकी ऊब मिळते. माणूस एकटाच टेबलाशी बसलेला असेल, तर समोर ठेवलेला छोटा कॉइलचा हीटर अख्खी खोली तापवण्यापेक्षा परवडतो. तो पडदा आणि पांघरुणापासून एक मीटर लांब ठेवा.

चालू उपकरण बदलून नवं घेणं कधी परवडतं?

वर्षात वाचणारे युनिट गुणिले तुमचा सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर, ही तुमची वार्षिक बचत. किमतीला तिने भागा. उत्तर उपकरणाच्या आयुष्याच्या निम्म्याच्या आत आलं तर घ्या. टप्प्याटप्प्याने वाढणारा दर असेल तर सरासरी दर धरू नका. वाचलेलं युनिट वरच्या टप्प्यातलंच असतं, त्यामुळे बचत वाटते त्याहून जास्त निघते.

युनिट कमी झाले, तरी बिल त्या प्रमाणात का कमी होत नाही?

बिलात स्थिर आकार असतो, तो वापर शून्य असला तरी लागतो. मंजूर भार (एका वेळी किती वीज घेता येईल याची कंपनीकडे नोंदवलेली मर्यादा) गरजेपेक्षा जास्त नोंदवलेला असेल आणि स्थिर आकार त्यावर ठरत असेल, तर तो कमी करायचा अर्ज करता येतो का ते विचारा. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. मागचं २८ दिवसांचं आणि हे ३३ दिवसांचं असेल, तर तुलना रोजच्या सरासरीने करा. आणि रीडिंगच्या पुढे 'सरासरी' किंवा 'अंदाजे' असं लिहिलंय का ते तपासा. तसं असेल तर कमी केलेला वापर त्या बिलात आलेलाच नाही. मीटरचा तारीख दिसेल असा फोटो काढून कंपनीला कळवा आणि दुरुस्त बिल मागा.